यांच्या नावावर

गुरुवार, संध्याकाळ

शेवटी आज दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला गेले, तोंडात लवंग धरून. दारातल्या गृहस्थांनी विचारलं, "मिस्टरांसाठी आलात ना? घरच्यांची मीटिंग पलीकडच्या खोलीत." मी मान डोलावली आणि पलीकडे बायकांत जाऊन बसले. बाक आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्यासारखे; हातांची घडी आपोआप झाली. आणि तरी खोटं सांगितलं, हे फार पितात. जन्मात थेंबही न घेतलेले, आता या जगातही नसलेले माझे हे.

शेजारच्या पाथर्डीच्या बाईनं माझा हात धरला. "सुटंल त्यांची, मावशी. पुढल्या गुरुवारी संगं आना त्यान्ला." इतक्या जवळून तिला वास आला नसेल? लवंग तर केव्हाच चावून संपली होती.

"आणीन," म्हणाले.

यांच्या फोटोपुढे दिवा लावताना वर बघवलं नाही. पुढच्या गुरुवारी अलीकडच्या खोलीत बसायचं. लवंगेशिवाय.