जाळं हलल्यावर पाटी

१२ सप्टेंबर
एका गंभीर अन्यायाची नोंद करून ठेवतो. मैदानावरच्या गोलफलकामागचं स्टूल डुगडुगतं. एक पाय बोटभर आखूड. सासऱ्यांनी तीस वर्षं याच स्टुलावर बसून आमच्या फुटबॉल क्लबचे गोल टांगले, कधी तक्रार नाही. म्हणजे ते असताना स्टूल ठीक होतं. सेक्रेटरींकडे लेखी अर्ज दिला. म्हणाले, पायाखाली पुठ्ठा घाला.

पाटीवाला म्हणून माझा पहिला मोसम. काम सोपं. गोल झाला की आकड्याची लोखंडी पाटी फलकाच्या खिळ्यावर टांगायची. सासऱ्यांचा नियम एकच: आधी जाळं हलू द्या, मग पाटी. गेले त्याच्या आदल्या दिवशी हॉस्पिटलातही तेच. म्हणाले, जावईबापू, एक मोसम घाई न करता काढून दाखवा. हरलात तर एक कप चहा, तुमच्या हातचा.
जिंकल्यातच जमा.

३ ऑक्टोबर
आमच्या नऊ नंबरचा फटका. गोल होणार हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. पाटी टांगली. बॉल खांबाला लागला. याला घाई नाही, दूरदृष्टी म्हणतात. पैजेत धरायचं नाही.
फलकामागे कुणीतरी खाकरलं. वारा.

२१ नोव्हेंबर
पुन्हा खांब. पुन्हा वारा. बायकोला सहज विचारलं, तुझे बाबा खाकरायचे कसे? तिनं खाकरून दाखवलं.
जेवलो नाही. ॲसिडिटी.

१६ जानेवारी
लीग मॅच, १-१. नऊ नंबर गोलसमोर एकटा. मी ‘२’ टांगला. बॉल त्यांच्या गोलकीपरच्या हातात, आणि आमचे अर्धे खेळाडू फलक बघून एकमेकांच्या गळ्यात. तेवढ्यात समोरच्यांनी येऊन गोल केला. डिफेंडरनं बॉलकडे बघावं, फलकाकडे कशाला? सेक्रेटरींना तसं सांगितलं. त्यांनी मला जे सांगितलं ते लिहिण्यासारखं नाही. सारांश: पुन्हा असं झालं तर इलेक्ट्रिक फलक, आणि मी घरी.

२ एप्रिल
नॅशनल कपची सेमीफायनल, पेनल्टींवर हरलो. आज मी दोन्ही हात बुडाखाली घेऊन बसलो होतो. म्हणजे दोष माझा नव्हता, हे सिद्ध. हात अजून बधिर आहेत.

८ मे
लीगमध्ये दुसरे. जानेवारीतली ती मॅच बरोबरीत सुटली असती तरी चालत होतं, म्हणे. दूधवाला म्हणाला, वाणी म्हणाला, मेव्हणा तर दोनदा म्हणाला.
जानेवारीत थंडी फार होती.

२६ मे, दुपार
आज परदेशात इंटरनॅशनल कपची फायनल, मोसमातली शेवटची आशा. टीम बाहेर खेळते तेव्हा इथले लोक रिकाम्या मैदानासमोर येऊन बसतात आणि नुसता फलक बघतात. जुनी रीत. टीमचा मालिशवाला तिथून फोनवर सांगतो, मी टांगतो. चारेकशे माणसं आलीत. बायको पहिल्या रांगेत.
जाळं हलल्याशिवाय हात हलणार नाही. लिहून ठेवतो.

२६ मे, संध्याकाळ
०-१. शेवटचं मिनिट. मालिशवाला म्हणाला, आपल्याला पेनल्टी. मग म्हणाला, नऊ नंबर बॉल ठेवतोय.
पाठीमागून, अगदी कानाशी: जावईबापू, जाळं हलू द्या.
मी पाटी टांगली.
समोर गवताशिवाय काही नाही, आणि चारशे माणसं उठून नाचली. म्हातारे रडले. बायकोनं शेजारणीला उचललं.  फोनवर मालिशवाला म्हणाला, क्रॉसबार.
‘१’ काढताना खडखड फार झाली. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.
बाहेर आलो तेव्हा बायको एकटीच बसलेली. म्हणाली, बाबांनी पहिल्या वर्षी हेच केलं होतं. तेही फायनललाच. त्यानंतर शेवटपर्यंत झोपेत दचकून उठायचे, हात वर करून काहीतरी काढायला जायचे. नियम तेव्हाचा.
मला कुणी सांगितलं नव्हतं.

३० मे
इलेक्ट्रिशियन माप घेऊन गेला. फलकाची किल्ली परत करायची होती. सकाळी पैजेचा चहा केला. पहिल्यांदाच केल्यामुळे दूध उतू गेलं. साखर दोन चमचे. सासऱ्यांना डॉक्टरांनी बंद केली होती, पण आता काय.
फलकामागे जाऊन कप स्टुलावर ठेवला. पुठ्ठा कुणीतरी काढून नेला होता.
स्टूल हललं नाही.