एक आठवडा मागे

बेडोक, सिंगापूर
रविवार, २२ जून २००३

प्रिय एझ्रादादा,

शालोम. काल बाबांच्या दुखवट्याचे आमचे सात दिवस संपले, तुमचेही संपले असतील. तुझी पाठ खाली बसून बसून धरली असेल, वहिनीला शेकायला सांग.

इकडे यांचा गुडघा तसाच. याएलची परीक्षा जवळ आलीय, पण अभ्यासाचं नाव काढलं की 'रिलॅक्स लाह, मम्मी' म्हणते. सार्सची साथ गेली असं सगळे म्हणतात, तरी आमच्या ऑफिसात अजून सकाळ-संध्याकाळ ताप मोजतात. खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांवर मात्र पुन्हा बसायला जागा मिळेनाशी झालीय. समोरच्या फ्लॅटमधली राधिका, पुण्याची, रोज फळं आणून ठेवायची. आम्ही जमिनीवर बसलेले पाहून तीही खाली बसायची आणि काय बोलावं ते न सुचून बाबांचं वय विचारायची. चार दिवस तिनं तेच विचारलं, चार दिवस मी ब्याऐंशी म्हणून सांगितलं.

तुला यातलं काही वाचायचं नाहीये, हे मला माहीत आहे. मीच आपली फाटे फोडत बसलेय.

एप्रिलमध्ये तू म्हणालास, अरुणा, येऊन जा, बाबांचं काही खरं नाही. मी म्हटलं, सार्स आहे, इथून येणाऱ्याला कोण दारात उभं करील. ते तेव्हा खरं होतं. मे महिन्यात म्हटलं, रजा मिळत नाही. ते खोटं होतं, रजा मी मागितलीच नव्हती. 'रजा मिळत नाही' हे शब्द तुझेच, पंच्याण्णव सालचे. याएलला यांच्यावर टाकून मी ठाण्यात आईचं तीन महिने एकटीनं केलं, आणि तू तिकडे इस्राएलात, लोदहून फोनवर तेवढंच म्हणत राहिलास. ते माझ्या मनात बसून होतं. आता तुझी पाळी, बघ कसं वाटतं, असं वाटायचं. आणि भीतीही होती. आईचा शेवट पाहिलाय मी. पुन्हा ते पाहायची माझी छाती नव्हती.

मग शावुओथचा सण झाला आणि वहिनी म्हणाली, बाबांना आता अक्षर दिसत नाही, तूच रोज फोनवर पराशा वाचून दाखव. हे मात्र मी मनापासून केलं. ठाण्याच्या घरातला नेम आठवतो ना? तोराचा त्या आठवड्याचा भाग घ्यायचा, त्याचे सात तुकडे करायचे, रविवारपासून रोज एक वाचायचा, आणि वाचून झाल्यावर प्रत्येकानं एक तरी प्रश्न विचारायचा. प्रश्न नाही तर जेवण नाही. तू दर वेळी 'तेव्हा मोशेचं वय किती होतं' असं विचारून ताटावर बसायचास.

आठ तारखेच्या रविवारी सिनागॉगचं कॅलेंडर पाहिलं, त्यात 'नासो' लिहिलं होतं, म्हणून नासो उघडली. इथले सहा, तुमच्याकडे दुपारचा एक. मी वाचायचे आणि बाबा नुसतं 'हं' म्हणायचे. एरवी एक शब्द इकडचा तिकडे झाला की 'थांब, मागे जा' म्हणणारा माणूस. त्याच आठवड्यात मी हिय्या करून गुरुवारचं तिकीटही काढलं होतं, तुला कळवलंही होतं.

बुधवारी वाचून फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शावुओथ तुमच्याकडे इस्राएलात एकच दिवस, बाहेर आमच्याकडे दोन. यंदा आमचा दुसरा दिवस शनिवारी आला. त्या शनिवारी आम्ही सणाचं वाचलं आणि तुम्ही नासो संपवून पुढे गेलात. म्हणजे चार दिवस मी बाबांना मागच्या आठवड्याची, त्यांची वाचून झालेली पराशा ऐकवत होते. गेल्या वर्षीही असंच झालं होतं, तेव्हा बाबांनी पत्रातून माझी चांगली खेचली होती, 'सिंगापूरवाल्यांनो, पाय उचला, आम्ही पुढे गेलो.' आणि यंदा त्यांच्या लक्षातच आलं नाही. मी ठरवून टाकलं की बाबांना आता काही कळत नाही.

ठरवून टाकलं, असं मुद्दाम लिहितेय. मला ते हवंच होतं. अर्ध्या तासात तुला फोन केला, 'दादा, बाबांना काही कळत नाहीये, मी येऊन करू काय?' तू मग म्हणालास, 'तू रोज बोलतेस त्यांच्याशी. तुला जास्त कळतं.' मी तिकीट रद्द केलं. गुरुवारी, शुक्रवारी वाचायला फोनही केला नाही. भिंतीला काय वाचून दाखवायचं, असं यांना म्हणाले. हे चहा करायला उठून गेले. रविवारी सकाळी बाबा गेले आणि दुपारी तुम्ही त्यांना मातीही दिलीत.

परवा वहिनीचा फोन आला. बाबांच्या आठवणी काढता काढता सहज बोलून गेली. म्हणाली, 'मंगळवारी मला म्हणाले, अरुणा अजून नासोवर आहे, त्यांचा सण दोन दिवसांचा ना. मी म्हटलं, सांगू का तिला? तर म्हणाले, नको, वाचतेय तर वाचू दे, मी परत ऐकतो. बालाकच्या पराशाला आमची गाठ पडेल.' आणि गुरुवारी दोनदा विचारलं म्हणे, फोन आला का.

दादा, मी कॅलेंडर काढून पाहिलं. बालाकलाच पडते गाठ, बारा जुलैला, त्या शनिवारी आम्ही दोन पराशा एकदम वाचून तुम्हाला गाठतो. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी पाच आठवडे पुढचं मोजलं होतं, आणि मी त्यांना भिंत म्हणाले.

काल सिनागॉगमध्ये वर बायकांच्यात बसून मोशेच्या बहिणीचं, मिर्यामचं ऐकलं. ती भावाविरुद्ध बोलली, अंगावर कोड फुटलं, सात दिवस तिला छावणीबाहेर ठेवलं. ती परत येईपर्यंत कोणी मुक्काम हलवला नाही. बाबांनी यावर मला नक्की विचारलं असतं की ती बाहेर बसून काय करत होती. मी काय सांगितलं असतं कोण जाणे.

महिन्याच्या प्रार्थनेला येईन म्हणतेय. या वेळी रजा खरोखर मागितली आणि एका मिनिटात मिळाली. तू ये म्हणालास तर घरी उतरेन, नाही म्हणालास तर कबरीवर जाऊन तशीच परत फिरेन. वहिनीला यात घालू नकोस, काय ते तूच कळव.

पत्र इथंच संपवावं असं फार वाटतंय. पण बाबा गेले त्या दिवशी फोनवर तू रडत म्हणालास, 'शेवटचे चार दिवस मी त्यांच्याशी बोललोच नाही गं. तू म्हणालीस ना, कळत नाही म्हणून. कामावरून आलो की नुसते पाय चेपत बसायचो.' मी तुला 'चांगलं केलंस' म्हटलं. परवा वहिनीलाही बजावलं की हे दादाला सांगू नकोस, मीच लिहीन. खरं म्हणजे लिहायचंच नव्हतं. पण तू जन्मभर असं समजून राहशील की बोलण्यात अर्थच नव्हता, आणि तसं नव्हतं. बाबांना शेवटपर्यंत सगळं कळत होतं. तू पाय चेपत होतास ते त्यांना कळत होतं. तू एक शब्द बोलला असतास तर त्यांनी उत्तर दिलं असतं.

अजून म्हणवत असेल तर, तुझी धाकटी बहीण,
अरुणा