तारेचं बिल

१४ मार्च

चिमीच्या आईस,

नमस्कार. 'सप्रेम' लिहिलेलं नाही. वकीलबाई म्हणाल्या, तुमची पत्रं उद्या कोर्टापुढेही जाऊ शकतात, बेतानं लिहा.

मी बरा आहे. दुकान ठीक. परीक्षा जवळ आल्या की मुलांच्या चष्म्यांची गर्दी होते. काचा घासून बोटं सोलली आहेत. चिमीचा नंबर थोडा वाढला. नव्या काचा मीच बसवल्या. चष्मा उशाशी घेऊन झोपते आणि काडी वाकवते. ती सरळ करून दिली आहे.

आता कामाचं. ताब्याचा निकाल लागून तीन महिने झाले. चिमी महिन्यातले पंधरा दिवस माझ्याकडे असते, म्हणून मी तुला देतो ती पोटगी बदलून मागता येते. सोबत अर्ज आहे. शेवटच्या पानावर तुझी सही हवी.

लगेच चिडू नकोस, आधी वाच. पोटगी कमी करायचा अर्ज नाही. वाढवायचा आहे.

वकीलबाई हसल्या. "अहो, लोक कमी करून घ्यायला माझ्याकडे खेटे घालतात. तुम्हाला काय झालंय?"

मी म्हटलं, "दातांची तार."

ती तार तुझ्या दातांच्या डॉक्टरनं बसवली. फुकट. चिमी सांगत होती, "काका म्हणाले, घरच्यांकडून कुणी पैसे घेतं का?"

घरच्यांकडून! तुमच्या लग्नाला अजून वर्ष झालेलं नाही. त्याला म्हणावं, बिल कर. इतरांना करतोस तसंच, एक रुपया सोडू नकोस. मी हप्त्यानं भरीन.

तू म्हणशील, जळतोस. दवाखान्यावरून दोनदा गेलो. काचेच्या दारावर त्याचं नाव आहे, आत मासे सोडलेली पेटी आहे. माझ्या दुकानात एक स्टूल आहे.

परवा चिमी माझ्या ओट्यावर बसून पाय हलवत होती. मी काहीतरी बोललो आणि ती हसली. तोंड उघडून, तार दिसेल अशी.

"तोंडावरचा हात कुठे गेला गं?"

"तो केव्हाच गेला, बाबा. काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, दात लपवतेस का म्हणून."

पहिल्याच दिवशी. दोन वर्षं ती माझ्यासमोर तोंडावर हात धरून हसत होती. मला वाटायचं, लाजते. माझ्यावर गेली आहे, असं मी गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचो. दिवसभर लोकांना "आता नीट दिसतंय का?" विचारणारा माणूस मी.

अर्जात कारणाचा रकाना आहे. वकीलबाईंनी तिथे 'मुलीच्या वाढत्या गरजा' असं घातलं आहे. ते खरं नाही. तिला काही कमी पडत नाही, हे मला माहीत आहे. तेच सहन होत नाही.

सही करायची नसेल तर अर्ज फाडून टाक. वकीलबाईंना मी सांगेन.

पण तार काढतील तो दिवस मला कळव. मी आत येणार नाही, माशांकडेही बघणार नाही. बाहेर पायरीवर थांबेन. ती दारातून येईल तेव्हा तुम्ही दोघं जरा मागे राहा.

एवढंच मागायचं होतं. बाकीचं उगाच लिहिलं.

चिमीचा बाबा
(कोर्टानं तसंच लिहिलं आहे. निकालपत्र, पान दोन पाहावे.)