बेटावरून काय आणलं?

भिलाई, रविवार संध्याकाळ, मार्च १९६२

आज पुन्हा तेच! धाकटा भाऊ सरकारी बोटीवर नोकरीले आहे, म्हणून मले ते दूरचं प्रवाळाचं बेट पाहाले भेटलं. तिथं पाखरं वाळूतच अंडी उबवतात, माणसाले पाहून उडत नाहीत. शिंपलाही उचलाची मनाई. इतकं समजावून राहिलो, तरी घरी आलेले नामदेवभाऊ, आमच्या पोलाद कारखान्यातले, कोक ओव्हनच्या कोळसाभट्टीवरचे, म्हणतात, "काहीच नाही आणलं? मंग गेलते कावून?"

अरे, पाखरू हातभरावर होतं, तरी उडालं नाही!

ते गेल्यावर बायको जोरजोरात पोळ्या लाटू लागली. मी चिडलो, "तुले बी शंखच पाहिजे होता काय?"

लाटणं ठेवून ती म्हणाली, "शंखाचं काय करू? मले कावून नाही नेलं तुमी?"

बेटावर उतराची परवानगी एकाचीच होती, हे खरं. पण तिच्यासाठी दुसरी मागावी, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.