खोलीत एकच व्यक्ती असावी

४ फेब्रुवारी

नव्या घरात आलो! खोकी अजून पसरलेली आहेत, चहाची गाळणी सापडत नाही, पण मला त्याचं काही नाही. मला खोली मिळाली आहे. आतून कडी लागणारी, फक्त माझी. टेबलावर सरावासाठी भंगारातून आणलेली नेटवर्कची यंत्रं, एक राउटर आणि दोन स्विच, मांडली. नवऱ्याने भिंतीतून केबल ओढून दिली आणि वर ऐकवलं, की आता नापास झालीस तर घराला दोष द्यायची सोय उरली नाही. सासूबाईंनी दारातूनच पाहणी केली. विचारलं, की हे डोळे मिचकावणारं खोकंही तुझ्याबरोबर परीक्षेला बसणार का.

सासूबाईंचं पडणं, ऑपरेशन, मग पुन्हा चालायला शिकणं, यात माझी नोकरी सुटली. नेटवर्किंगची ही परीक्षा पास झाले तर जुन्या ऑफिसच्या मॅडम परत घेणार आहेत. महिनाअखेर प्रमाणपत्र आण, खुर्ची तुझी, असं म्हणाल्या. परीक्षा घरूनच द्यायची आहे. जमेल मला.

९ फेब्रुवारी

डोकं पिकलं. एका नेटवर्कचे तुकडे पाडायचे, प्रत्येक यंत्राला पत्ता द्यायचा, मग एकाने हाक मारली की दुसऱ्याने ओ दिली पाहिजे. पुस्तकात देतं. माझ्याकडे ढिम्म. सगळी दुपार त्यात गेल्यावर कळलं, की केबलच भलत्या जागी खोचली होती. त्यात सासूबाई सारख्या दार वाजवतात. चष्मा पाहिलास का? चष्मा त्यांच्या कपाळावर असतो.

१५ फेब्रुवारी

बँकेतून परतले तर सासूबाई खुशीत. म्हणाल्या, की आज मी एकदाही दार वाजवलं नाही, तू आत एका सुरात आकडे घोकत होतीस ना. मी बाहेर होते, म्हटलं. मग भूत अभ्यास करत होतं की काय, म्हणाल्या आणि खो खो हसल्या. मीही हसले. हल्ली त्यांना दुपारी डुलकी लागते.

१९ फेब्रुवारी

इतका संताप झालाय की अक्षर नीट येत नाही.

परीक्षेत कॅमेऱ्यापुढे बसायचं आणि दूर कुठेतरी बसलेला पर्यवेक्षक आपल्यावर नजर ठेवणार. आधी त्याला चारी भिंती दाखवायच्या, टेबलाखालीसुद्धा. खोलीत दुसरं कुणी दिसलं की परीक्षा रद्द. मी कडी लावून बसले होते. थोडे प्रश्न झाले आणि त्याचा आवाज आला, की दाराजवळ उभ्या असलेल्या बाईंना बाहेर पाठवा. वळून पाहिलं. कुणी नाही. तसं सांगितलं. त्याने नियम वाचून दाखवला आणि पडदा काळा.

नवरा म्हणतो, दारामागचा कोट दिसला असेल. कोट काढला. भांडून पुन्हा तारीख घेतली.

२३ फेब्रुवारी

भिंती उघड्याबोडक्या केल्या होत्या. कॅलेंडरही उतरवलं. या वेळी पर्यवेक्षिका होती, आवाजाने मायाळू. अर्ध्यावर तिने विचारलं, की मागच्या बाई तुम्हाला उत्तरं सांगताहेत का. त्यांचे ओठ हलताहेत, म्हणाली.

रद्द.

मागे कुणी नव्हतं. पण एक गोष्ट नवऱ्याला सांगितली नाही. तेव्हा पुढ्यातल्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. आणि एकदम आलं.

२५ फेब्रुवारी

नवरा म्हणाला, की अभ्यास झाला नसेल तर तसं सांग, कॅमेऱ्यावर कशाला ढकलतेस. मॅडमचा फोन. दुसऱ्या एका मुलीचाही अर्ज आलाय, तीही हुशार आहे. परवाची एकच वेळ शिल्लक होती. घेतली.

बाकीच्या खोल्यांची दारं लागत नाहीत, म्हणून इथेच बसायचं, असं सासूबाईंना सांगितलं.

खरं कारण ते नाही. माझ्या मागे उभी राहते तिला उत्तरं येतात.

२६ फेब्रुवारी

आज रिकाम्या खोलीला हात जोडले. म्हटलं, बाई, मदत कर. फक्त दिसू नकोस.

भिंतीपाशी कुणीतरी श्वास— माझाच असेल.

२७ फेब्रुवारी

बाहेरच्या खोलीतून लिहितेय. पेपर चालू आहे.

सगळं छान चाललं होतं. एकही प्रश्न अडला नाही. मग पर्यवेक्षक म्हणाला, की मागे उभ्या असलेल्या स्वेटरवाल्या बाईंना बाहेर पाठवा, म्हणजे उमेदवाराला पेपर पुरा करता येईल.

स्वेटर मी घातलाय.

मी उभी होते. कधी उठले— खुर्चीकडे पाहवलं नाही.

आणि मी काय केलं? पुन्हा रद्द होऊ नये म्हणून मुकाट्याने बाहेर आले.

मागून कडी लागली.

आत कीबोर्डच्या कळा वाजताहेत. भराभर. माझे हात कधीच इतक्या—

थांबल्या.

सासूबाई खोलीचं दार वाजवताहेत. आतून उघडलं. आत गेल्या, पडद्यावरचा निकाल पाहून म्हणाल्या, पास झालीस गं बयो. रडताहेत. नवऱ्याला फोन लावताहेत. मी इथून हाक मारली. पुन्हा मारली. सासूबाई वळल्या, माझ्यावरून नजर फिरवली, जशी भिंतीवरून— तिलाच विचारलं, की बाहेर कोण आहे गं.

ती म्हणाली, बसा तुम्ही, मी बघते.

माझा आवाज.

खुर्ची सरकली. येतेय. ही वही तिच्या हाती लागली तर पुढचं तीच लि