धुलाईघरातलं टेबल

डुलुथ,
५ मार्च

प्रिय हेल्मी,

पुन्हा प्रवेश घ्यायचा अर्ज पंधरा तारखेपर्यंतच घेतात, हे तुला माहीत आहे. मागच्या रविवारी मी विषय काढला, तर तू बेकरीचा एप्रन बांधून सरळ निघून गेलीस. म्हणून आज माझीच फजिती सांगते, ती तरी वाच.

मुलं ग्रंथालयात येत नाहीत, तर ग्रंथपालांनीच मुलांकडे जावं, असं कॉलेजनं फर्मान काढलं. माझ्या वाट्याला वसतिगृहाचं धुलाईघर आलं. एकवीस वर्षं चौकशीच्या टेबलामागे काढलेली बाई मी. गळ्यात ओळखपत्र अडकवून, लॅपटॉप उघडून, तिथे ठाण मांडून बसले. मुलांना वाटलं, मशीनमध्ये कोण किती कपडे कोंबतंय ते तपासायला आलेय! एकानं तर ओलेच कपडे कवटाळून पळ काढला. तीन मंगळवार माशा मारत बसले.

चौथ्या मंगळवारी मी घरचेच कपडे धुवायला नेले. तुझ्या बाबांचे मोजे जुळवत होते, तेवढ्यात पाकू यांग नावाची नर्सिंगची मुलगी शेजारी येऊन चादर झटकू लागली. कपडे वाळायला किती वेळ लागतो, असं तिनं विचारलं. सहा महिने तिथेच कपडे धुणारी मुलगी! आमच्या धंद्यात पहिला प्रश्न कधीच खरा नसतो, खरा मागे दडलेला असतो. मी म्हटलं, पन्नास मिनिटं, आणि चादरीचं दुसरं टोक धरलं. घड्या घालताना समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, हे किती बरं. तिसऱ्या घडीला तिला कंठ फुटला. निबंधावर सरांनी सात ठिकाणी लाल शाईत 'संदर्भ कुठे?' असं लिहिलं होतं, आणि संदर्भ शोधतात कसे हेच तिला ठाऊक नव्हतं. सगळ्यांना येतं, मलाच येत नाही, म्हणून ती कॉलेज सोडायला निघाली होती. कपडे वाळेपर्यंत आम्ही तीन लेख शोधले. चौथा तिनं एकटीनं शोधला. काल भेटली, तर मैत्रिणीला सगळं शिकवत बसली होती.

त्या मंगळवारी ती गेल्यावर मात्र मोजे हातात धरून मी रडले. दोन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात, तू माझ्या टेबलासमोर रांगेत उभी राहिलीस. नंबर आल्यावर विचारलंस, "ग्रंथालय किती वाजता बंद होतं?" मी म्हटलं, "दहाला," आणि मागच्या मुलाला पुढे बोलावलं. अगं, पाच वर्षांची असल्यापासून तू माझ्याबरोबर तिथले दिवे मालवायचीस. ती वेळ तुला माझ्याइतकीच पाठ होती. डिसेंबरात तू कॉलेज सोडलंस. परक्या पोरांच्या मनातलं ओळखणारी मी, पोटच्या पोरीला वेळ सांगून मोकळी झाले. चुकलं माझं. अर्ज सोबत ठेवलाय. भर, नाहीतर भरू नकोस. पण मंगळवारी चार वाजता धुलाईघरात ये. मी मोठी चादर आणते, तू दुसरं टोक धर. आणि तेव्हा खरं काय विचारायचं होतंस, ते आता विचार.

तुझीच,
आई