पिवळीनं नेली

१२ जानेवारी १९९८

आजीची भुतं संपली! माहेरच्या आजीनं सांगितलेलं सगळं — तांब्याच्या नखांची म्हातारी, थडग्यावरचा दिवा, बिनधन्याचा घोडा — लिहून झालं, नारिनच्या रेडिओवर वाचूनही झालं. आज शाळेत काल्मातदादाचा फोन. रेडिओवर गोष्टींचा कार्यक्रम तोच बघतो. म्हणे, ‘फेब्रुवारीत नवी पाहिजे. आणि खरी वाटली पाहिजे ताई, मागची ऐकून माझी बायकोसुद्धा घाबरली नाही.’

त्याची बायको त्याच्याशी संसार करते. ती आणखी कशाला घाबरणार?

एनेंना आज पुन्हा धाप. सासूला आम्ही एनेच म्हणतो. डॉक्टरनं ओस्कोनला बाजूला घेऊन सांगितलं — हृदय सुजलंय, उन्हाळा काढतील, पुढचं सांगता येत नाही. ओस्कोन घरी आला तो थेट ट्रकखाली शिरला. आईचं काही निघालं की माझ्या नवऱ्याला ट्रकच दुरुस्त करायचा असतो.

१५ जानेवारी, गुरुवार

मेलेल्यांसाठी तेल तापवायचा दिवस. वास त्यांच्यापर्यंत पोचतो म्हणतात. एने बोरसोक, म्हणजे कणकेचे चौकोनी तुकडे, तळत होत्या आणि एकेका गेलेल्याची आठवण काढत होत्या. नावं न घेता, अर्थात! सासरच्या वडीलधाऱ्यांची नावं सुनेनं घ्यायची नाहीत. एनेंचे थोरले दीर तेमिर, म्हणजे लोखंड — म्हणून एने लोखंडी कढईलाही ‘कडक कढई’ म्हणतात. मी शहरातली. मी नवऱ्याला सरळ नावानं हाक मारते, आणि एनेंच्या कढईला हसते.

तळता तळता म्हणाल्या, ‘तू भुतांचं लिहितेस ना? माझं एक लिही.’

मग सांगितलं. त्यांच्याच शब्दांत — पहिलं बाळंतपण. मुलगी. बर्फ अजून पुरतं पडायचं होतं. सकाळी पिवळी आली. पायाशी बसली, चहा प्याली. मग माझ्या शालीत पोर गुंडाळली आणि नेली. खिंडीपलीकडे नेली. काळीजच नेलं माझं. मी उठू शकले नाही. मुलांचे बाबा घरात होते, ते काही बोलले नाहीत.

पहिली मुलगी होती हे ओस्कोनलासुद्धा माहीत नाही! आणि पिवळी म्हटलं की आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं — अल्बार्स्ती! पिवळ्या केसांची, बाळंतिणीच्या छातीवर बसते, काळीज काढून ओढ्यावर नेते. तिला पाहून जिवंत राहिलेली बाई माझ्या स्वयंपाकघरात बोरसोक तळतेय, आणि मी चार वर्षं गोष्टी शोधत फिरतेय. काखेत कळसा!

एने पुन्हा पुन्हा विचारत होत्या. रेडिओवर येईल ना? काझारमानपर्यंत ऐकू जातं का? वसंताच्या आत येईल ना? म्हातारपणी काय एकेक हौस असते.

‘जसं सांगितलं तसंच लिही,’ म्हणाल्या. ‘पिवळीच म्हण.’

२० जानेवारी

लिहितेय. चहा काढून टाकला — भूत चहा कशाला पिईल? सकाळही काढली. वादळ घातलं. सासऱ्यांच्या हाती चाबूक दिला. ते पिवळीला झोडपतात, तिची बट उपटून घेतात, ती किंचाळत पळते. पण शाल उघडतात तर पोर थंडगार.

शेवट जमला!

२१ जानेवारी

एनेंनी विचारलं, लिहिलंस? म्हटलं हो. वाचून दाखव म्हणाल्या. म्हटलं, रेडिओवरच ऐका की, मजा येईल.

६ फेब्रुवारी

काल्मातदादा खूश. ‘बायको लाइट लावून झोपली!’

१५ फेब्रुवारी, रविवार

हे कसं लिहू कळत नाही.

दुपारी शेजारणी जमल्या. एनेंनी ठेवणीतला पांढरा रुमाल बांधला होता, अगदी रेडिओला गुडघे लावून बसल्या. ‘पिवळी’ शब्द आला तशा हसल्या. खरंच हसल्या, लग्नातल्यासारख्या. मग चाबूक आला. मग किंचाळी. मग शाल उघडली.

शेजारणी सुस्कारे टाकत, माझं कौतुक करत गेल्या. एने हलल्याच नाहीत. तशाच बसून म्हणाल्या, ‘पोर मेली असं मी म्हणाले होते?’

‘नाही एने. नेली म्हणालात.’

‘मग तू का मारलीस?’

गोष्ट रंगते म्हणून, असं सांगितलं मी. दुसरं काय सांगणार? नेलीची मेली केली — एक अक्षर!

मग त्यांनी सांगितलं. रडल्या नाहीत. भाकरीचं पीठ किती घ्यायचं ते सांगतात त्या आवाजात सांगितलं. पिवळी भूत नव्हतीच. पिवळी म्हणजे त्यांची थोरली नणंद. मूल होत नव्हतं तिला. आमच्यात भावाचं पहिलं पोर निपुत्रिक बहिणीला देतात, आईला कोण विचारतं? दिलेल्या पोराकडे मागे वळून बघायचं नाही, आई बघत राहिली तर पोर तिकडे रुजत नाही. माझे सासरे होते तोवर घरात विषय काढायची सोय नव्हती. ते गेले, तोवर एनेंचा दम गेला होता. आता मरण्याआधी एकदा बघायची होती. नणंदेला निरोप द्यायचा, तर नाव कसं घेणार? पण ‘पिवळी’ ऐकलं असतं तर तिला कळलं असतं. भावजय म्हणून एने तिला त्याच नावानं हाक मारायच्या. चहा ऐकला असता तर खात्रीच पटली असती.

आणि मी चहा काढून टाकला.

‘नाव काय त्यांचं?’ मी विचारलं. एनेंनी बोटातली अंगठी दाखवली, आणि खिडकीतून वर, जिथे रात्री चंद्र असतो तिथे.

सोनं. चंद्र. ‘आल्तिनाय?’ मी म्हटलं.

एनेंनी रुमालाचं टोक तोंडावर धरलं. मीही सूनच आहे या घरची, पण मला काय त्याचं.

‘आणि मुलीचं?’

ते त्यांना माहीत नाही. नाव ठेवायच्या आधीच नेली.

१७ फेब्रुवारी

काल्मातदादाला फोन. पुन्हा वाचा, मी दुरुस्त करून देते, पोर जिवंत ठेवते. हसला. ‘भुताची माफी मागायची रेडिओवर? लोक काय म्हणतील?’ मी भांडले. त्यानं ठेवला.

नणंद राहते त्या काझारमानचा फोन लागत नाही. रस्ता बर्फानं बंद. तिकडे एवढ्यात जाऊ शकतो तो फक्त रेडिओ, आणि त्यावरून मी काय पाठवलं? नणंदबाईला चाबूक!

लाज वाटते. इतकी की एनेंना चहा देतानाही मान वर होत नाही. ओस्कोनला सगळं सांगितलं. ‘मला बहीण आहे?’ एवढंच म्हणाला, आणि ट्रककडे गेला. पण आज ट्रकखाली शिरला नाही, नुसता जवळ उभा राहिला.

२ मार्च

एने माझ्यावर रागावत नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रोज विचारतात, खिंड उघडली का?

२१ मार्च

नवरोज. गव्हाची खीर केली. एनेंनी एक वाटी झाकून ठेवली. कुणासाठी ते मी विचारलं नाही.

१९ एप्रिल

पाय सुजलेत. उशीला टेकून बसूनच झोपतात. डॉक्टर आता काहीच सांगत नाही, नुसता नाडी बघून जातो. एने त्यालाही रस्त्याचं विचारतात.

११ मे

रस्ता उघडला! ओस्कोन पहाटे निघाला. एनेंनी त्याच्याबरोबर माझ्या हातचे बोरसोक दिले, वाळलेल्या दह्याच्या गोळ्या दिल्या, आणि बोटातली अंगठी काढून दिली. ‘तिला दे.’ तिला — नाव नाही ना!

१६ मे

ओस्कोन आला. ट्रक आवारात न घेता रस्त्यावरच उभा केला आणि मला खुणेनं बाहेर बोलावलं.

आल्तिनाय आत्या जिवंत आहेत. म्हाताऱ्या, एकट्या. त्यानं ओळख दिली तर हात धरून पहिलं हेच विचारलं — ‘तिला कळलं ना? रेडिओवर ऐकलं मी. कुणी सांगितलं तिला?’

पोर खिंडीतच गेली. त्याच दिवशी. वाटेत बर्फ सुरू झालं. खाली उतरून शाल उघडली तर थंडगार. तिथंच दगडांखाली ठेवली. भावजयीला तोंड कसं दाखवायचं म्हणून आत्या जन्मभर इकडे फिरकल्या नाहीत. आता रेडिओ ऐकून त्यांचा जीव हलका झाला, सेयिलकानला एकदाचं कळलं म्हणून! सेयिलकान म्हणजे आमच्या एने.

मी मनानं रचलं होतं. देवाशपथ, मनानं रचलं होतं.

ओस्कोनच्या मुठीत अंगठी तशीच. आतून एनेंची हाक — ट्रकचा आवाज त्यांनी ऐकलाच होता. ओस्कोन म्हणाला, ‘मी नाही जात आत. तू लेखिका आहेस ना, तू जा.’

मी अंगठी खिशात टाकली आणि गेले.

१७ मे

तिला दोन मुलगे आहेत. मेंढ्या वर कुरणात न्यायच्यात म्हणून आत्ता येता येत नाही, शरदात नक्की येते म्हणालीय. अंगठी तिला अगदी बेताची बसली.

‘नाव काय गं ठेवलंय?’

‘बुरुल,’ मी म्हटलं.

हे नाव घ्यायला एनेंना कसलीच आडकाठी नाही. सकाळपासून घेतायत.